फळीअण्णांचे कान

ऐन डिसेंबरात, दिवस उगवायच्या वेळी, मळ्यातल्या हौदात गळ्यापर्यंत बुडून बसलेला माणूस लोहाऱ्यात कोणी पाहिला असेल, तर तो सुट्टीला गावी आलेले आमचे अण्णाच. बाकीचं गाव शेकोटीला चिकटलेलं असायचं आणि अण्णा आत शांत डोळे मिटून बसलेले. "अंगाची सवय मोडली की तिकडचा गार समुद्र आत घेत न्हाय," ते म्हणायचे. आई त्यांच्यासाठी चुलीवर पाणी तापवून ठेवायची आणि ते वाया गेलं म्हणून रोज नव्याने कुरकुरायची.

अण्णा म्हणजे माझे चुलते, आबांचे, माझ्या वडिलांचे, धाकटे भाऊ. आईवडील लवकर गेले, तेव्हा आबांनीच त्यांना वाढवलं, पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकवलं, नर्सिंगच्या शिक्षणाला सोलापूरला ठेवलं. पुढे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एका लहानशा गावी ते दवाखान्यात नोकरीला लागले. तिथल्या एका सहकाऱ्याने त्यांना समुद्रावर नेलं, आणि फळीवर उभं राहून लाटेबरोबर जायचा नाद त्यांना लागला तो लागलाच. त्याला सर्फिंग म्हणतात, हे ते सांगून थकले. लोहाऱ्याने त्यांना फळीअण्णा करून टाकलं होतं.

ती लाट कशी असते, हे त्यांनी मला नळदुर्गच्या ढाब्यावर दाखवलं. ताटात पाणी ओतलं आणि कडेला वाटी पालथी घातली. "ही वाटी म्हंजी समुद्रात घुसलेलं खडकाचं टोक. लाट हिथं येती, टोकाला अडती, अन् मग कडंकडंनं उलगडत पार लांब जाती. दर बारीला तिथंच फुटती. आपण टोकापाशी बसून ऱ्हायाचं."

"किती वेळ?"

"तिला यायचंय तवा येती. लई गार पाणी गं, हाडं ठणकत्यात. पण एकदा उभं ऱ्हायलो की गारठा कुठं जातो कळत न्हाय."

ढाब्याचा मालक हे सगळं बघत होता. "भाजी आणू, का पाणीच वाढू?" त्याने विचारलं.

पाण्याला आधी पाय लावायचा नाही, हा आबांचा दंडक. आधी ओंजळीत घ्यायचं, कपाळाला लावायचं, मग उतरायचं. अण्णा तिकडेही तेच करत. सोबतचे गोरे लोक पहिल्यांदा हसले म्हणे. नंतर त्यातली एक म्हातारी बाई फळी काखेत धरून, वाकून कपाळाला पाणी लावू लागली. अण्णांना याचं फार अप्रूप होतं. आबांना फोनवर त्यांनी हे इतक्यांदा सांगितलं की शेवटी आबाच म्हणाले, "बास की आता, कळलं."

माझ्या लग्नाच्या वर्षी आबांना लकवा झाला. बोलणं जड आणि इतकं बारीक झालं की शेजारी बसूनही कान द्यावा लागे. त्यामुळे व्याहीभेटीला त्यांच्या जागी अण्णा उभे राहणार होते. मांडवात व्याही फेटा बांधून, हार घेऊन तयार झाले. माईकवरून पुकारा झाला, "मुलीचे चुलते, भेटीला या." अण्णा पाठ करून खुर्चीवर बसलेले. पुन्हा पुकारलं. ते हललेसुद्धा नाहीत. वराकडच्या बायकांत कुजबुज सुरू झाली आणि आमच्याच एका मामाने आवाज चढवला, "फारीनला जाऊन माजलाय त्यो!" व्याह्यांनी हार खाली ठेवला. मी मुंडावळ्या सावरत उठले, नवरीने उठू नये हे ठाऊक असून उठले, आणि त्यांच्या खांद्याला हात लावला. ते दचकून वळले. सगळा मांडव आपल्याकडे बघतोय हे दिसल्यावर त्यांचा चेहरा उतरला. धावत जाऊन त्यांनी व्याह्यांना मिठी मारली आणि हात जोडून माफी मागितली.

"भिंतीपल्याड कुणी बोलावं तसं येतंय गं ऐकू," पाठवणीच्या आधी ते मला म्हणाले.

सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं ते आम्ही कधी ऐकलं नव्हतं. वर्षानुवर्षं गार पाण्यात आणि वाऱ्यात राहिलं की कानाच्या नळीत हाड वाढतं आणि वाट बुजत जाते. शस्त्रक्रियेने ती मोकळी होईल, पण पुन्हा गार पाण्यात गेलं तर हाड पुन्हा वाढेल. अण्णांनी फार विचार केला नाही. कान मोकळे करून घेतले आणि फळी भिंतीला टेकवून ठेवली.

त्यानंतर दर रविवारी त्यांचा फोन यायचा. मी त्यासाठी माहेरी जाऊन तो आबांच्या तोंडाशी धरायचे. आबा अर्धंमुर्धं बोलायचे, मध्येच दम लागायचा, आणि पलीकडे अण्णा एकेका शब्दासाठी थांबून राहायचे. घाई म्हणून कधी केली नाही. एकदा आबांनी विचारलं, "पाण्यात जातूस का?"

"न्हाय, दादा."

आबांनी माझ्या हातातला फोन आणखी जवळ ओढला. मग म्हणाले, "माझ्यापायी नको थांबू." अण्णांनी विषय बदलला.

गेल्या वर्षी आबा गेले. अण्णा आले, दहाव्याला पाण्यात उभे राहिले, सगळं नीट केलं. निघायच्या दिवशी एसटी स्टँडवर मला म्हणाले, "कान दादासाठी उघडून घेतले हुते. आता पाण्यात जाईन म्हणतो." मला राग आला. म्हटलं, "अण्णा, आणि आम्ही? आम्ही काहीच बोलायचं नाही का तुमच्याशी?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू बोललीस तर मला ऐकू न्हाय आलं तरी कळंल." मला ते पटलं नव्हतं. अजूनही पूर्ण पटलेलं नाही.

आता रविवारचा फोन बंद झाला आहे. परवा त्यांनी एक व्हिडिओ पाठवला. राखी आभाळ, काळ्या खडकाचं टोक, त्याला वळसा घालून येणारी लांबच लांब लाट. खाली लिहिलं होतं, "ह्यात आवाज आलाय का गं? मला आता नीट कळत न्हाय."

मी स्वयंपाकघरात फोन कानाला लावला आणि व्हिडिओ संपेपर्यंत ऐकला. मग पुन्हा लावला. शेवटी लिहिलं, "आलाय, अण्णा. लई मोठा आलाय."