दवाखान्याच्या कपाटाचं कुलूप

लोखंडाला गंज आणि कमिटीला किस्से, दोन्ही न मागता चढतात. माझं हार्डवेअरचं दुकान गावच्या सरकारी दवाखान्यासमोर. तेवढ्याच पात्रतेवर मला रुग्ण कल्याण समितीत घेतलं. शाळा सातवीत सुटलेली, पण ठराव कसा लिहितात ते तिथं शिकलो.

पहिल्याच मीटिंगला क्लार्कनं रजिस्टर पुढं केलं. 'सखोल चर्चेअंती एकमताने मंजूर.' मी म्हटलं, साहेब, अजून चहासुद्धा आला न्हाय. तो म्हणाला, "शेठ, तुम्ही सही करा. चर्चा काय, होत राहती."

*

औषधाचं कपाट तेव्हा उघडंच असायचं. कुणा पुढाऱ्याच्या घरी सलाईन लावायचं निघालं, की बाटल्या तिथूनच जायच्या. बोभाटा झाला तसा सरपंचांनी ठराव मांडला: कपाटाला कुलूप, किल्ल्या दोन. एक डॉक्टरांकडं, दुसरी जबाबदार माणसाकडं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. कुलूपही माझ्याच दुकानातलं. मी छाती काढून सांगितलं, "घणानं ठोका, तुटायचं न्हाय."

लता सिस्टर रात्रंदिवस तिथंच राहणारी. ती म्हणाली, एक किल्ली मला द्या. सरपंच म्हणाले, तुमची उद्या बदली होईल, शेठ गावचे हायेत.

"सापाचं इंजेक्शन त्याच कपाटात आहे," सिस्टर म्हणाली. "साप काय मीटिंग बघून चावतो व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो.

*

किल्ली आल्यापासून मी पण साहेब झालो. वही घातली. कशाला पाहिजे, किती पाहिजे, खाली सही. एकदा कुत्रं चावलेले एक म्हातारे तात्या पाय धरून दुकानाच्या पायरीवर बसलेले, कारण डॉक्टर रजेवर, मलमपट्टीचं सामान कपाटात आणि माझी पूजा चाललेली. पूजा आटोपून मी वही पुढं केली.

तात्या म्हणाले, "शेठ, कुत्र्यानं चावताना माझी सही घेतली न्हवती."

*

पुढं तपासणी आली. साहेबांनी कुलूप ओढून बघितलं, दोनदा. शेऱ्यात लिहिलं, 'व्यवस्था अत्यंत समाधानकारक.' कपाट उघडून आत काय आहे ते कुणी बघितलं नाही. ते चहा पिऊन गेले. मी मात्र आठवडाभर तो शेरा गिऱ्हाइकांना सांगत होतो.

*

मग तो भूमच्या बाजाराचा दिवस. मी तिथं खिळ्यांचा भाव करत होतो. सिस्टरचा फोन आला. पारूबाईच्या सुनेला, सुनीताला, सोयाबीन काढताना घोणस चावली होती. डॉक्टर ट्रेनिंगला गेलेले, त्यांची किल्ली त्यांच्यासोबत.

"शेठ, तुमची किल्ली कुठंय?"

हात खिशावर गेला. किल्ली तिथंच होती.

मोटारसायकल कशी हाणली ते आठवत नाही. किल्ली मुठीत धरलेली, हँडलला घासून तळहात सोलला. वाटेत शेरडं आडवी आली, तर हॉर्न दाबतच त्यांच्यातून गाडी काढली.

पोचलो तर कपाटाचं दार तिरकं लोंबत होतं. कुलूप जागच्या जागी, शाबूत. त्याच्यावर दगडाचे पांढरे ओरखडे, मोजवणार नाहीत इतके. खाली पहार पडलेली. माझ्याच दुकानातली. आमच्या मंडळींनी कुणाला न विचारता काढून दिली होती. सिस्टरनं कोयंडाच उपटला होता. डॉक्टर फोनवर सांगत होते, ती सुनीताजवळ उभी राहून थेंब मोजत होती. पारूबाईनं माझ्या हातातल्या किल्लीकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

अॅम्ब्युलन्स आली, सुनीताला धाराशिवला नेलं. चौथ्या दिवशी ती घरी परतली, पाय ओढत, पण स्वतःच्या पायानं.

पाचव्या दिवशी मीटिंग. विषय: सरकारी कपाटाची मोडतोड, सिस्टरकडून खुलासा मागवणे. मी किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हटलं, खुलासा माझा घ्या. क्लार्कनं रजिस्टर पुढं ओढून लिहिलं, 'किल्ली सिस्टरकडे द्यावी. नवीन कुलूप बसवावे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर दुकानात आली. सवयीनं मी सगळ्यात भारी कुलूप काढलं. तिनं ते हातात घेतलं, वजन बघितलं, परत ठेवलं.

"हे नको शेठ. एका दगडात तुटंल असलं दाखवा."