ऊन असताना गेलेली लाइन

माय कोणाकडे राहणार, हे यंदाच्या उन्हाळ्यात ठरलं. ज्या रीतीने ठरलं ती आठवली की अजून दुकानातल्या खुर्चीत बसल्या बसल्या कान गरम होतात.

तिची छाती चुलीच्या धुराने गेली. हिवरखेडला आमच्या घरी वर्षभर पऱ्हाटी जळायची. कापूस वेचून झाला की वाळलेली झाडं उपटायची, भारे बांधायचे आणि घरामागे रचून ठेवायचे. हे काम माझं होतं. मोठ्या भावाला शिकवायचं ठरलं, म्हणून मला सातवीतून काढलं. दादा अकोल्यात विज्ञानाचा मास्तर झाला. मी अमरावतीत दुसऱ्याच्या दुकानात मोटारी दुरुस्त करता करता स्वतःचं पंपाचं दुकान टाकलं. ते सातवीतून काढणं मी कधी विसरलो नाही आणि घरात कोणाला विसरूही दिलं नाही. त्यामुळे डॉक्टरांनी मायला प्राणवायूचं यंत्र लावायला सांगितलं, तेव्हा ती माझ्याचकडे राहील, असं मी ठासून सांगितलं आणि तिला अमरावतीला घेऊन आलो. ते यंत्र विजेवर चालतं. आणि विजेच्या बाबतीत आपला हात कोणी धरू शकत नाही, अशी माझी खात्री होती.

कारण माझ्या गच्चीवर सोलर होतं. दिवसभर ते वीज तयार करायचं, उरलेली मीटरमधून बाहेर जायची आणि रात्री आम्ही परत घ्यायचो. सरकारलाच वीज विकणारा माणूस, असं मी दुकानात हसत हसत सांगायचो. बसवणाऱ्या पोराशी सौदा करताना मी त्याला घाम फोडला होता. तो सारखा म्हणत होता, भाऊ, सोबत बॅटरी घ्या. मला वाटलं, हा माल खपवतोय. मीही हेच करतो गिऱ्हाइकासोबत. मी बॅटरी काढायला लावली आणि तेवढा भाव पाडून घेतला. घरचा जुना इन्व्हर्टर त्याच्या बॅटरीसकट शेजाऱ्यांना विकला. सोलर आलं, आता त्याचं काय काम?

मे महिन्यात दादा गाडी घेऊन आला, मायला अकोल्याला न्यायला. आल्या आल्या त्याने विचारलं, सिलिंडर कुठे ठेवलाय? वीज गेली तर म्हणून डॉक्टरांनी प्राणवायूचा एक भरलेला सिलिंडर घरात ठेवायला सांगितला होता. मी आणला नव्हता. मी त्याला खिडकीजवळ नेलं आणि बाहेरचं ऊन दाखवलं.

"हा पाह्य माया सिलिंडर. साऱ्या गल्लीची लाइन जाईन, पण माया घरची नाई जात."

आमच्याकडे विजेला लाइनच म्हणतात. वीज म्हणजे खांबावरून तारेतून येणारी गोष्ट, दुसरं काही नाही. त्या शब्दातच माझी चूक होती, पण मी तेव्हा भांडायच्या तोऱ्यात होतो. दादा म्हणाला, तुझं सोलर त्याच तारेला जोडलेलं आहे ना? मी म्हणालो, मास्तरकी शाळेत करायची. तुले पुस्तक भेटलं, मले भारे भेटले, तरी गच्ची कोणाची चमकते ते पाह्य. हे मी मायच्या देखत बोललो. ती नाकात नळी घालून भिंतीकडे तोंड करून पडली होती.

दुपारची जेवणं आटोपली आणि पंखा थांबला. पाठोपाठ यंत्राने किंचाळायला सुरुवात केली.

मी गच्चीवर धावलो. सोलरचे पत्रे हात लावू नये इतके तापलेले, ऊन नुसतं ओतत होतं आणि भिंतीवरच्या सोलरच्या डब्यातला हिरवा दिवा विझलेला. मी त्या पोराला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. त्याने सारं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भाऊ, लाइन गेली का हेबी बंद होते. खांबावर माणूस चढला असन. तुमच्या गच्चीवरची वीज तारेत गेली तं तो मरन ना."

गच्चीवरून कोपऱ्यावरचा खांब दिसत होता. त्यावर खरंच एक माणूस चढला होता.

खाली आलो तर मायचे ओठ निळसर पडले होते आणि दादा घरात नव्हता. मला वाटलं, पळाला. तेवढ्यात कंपाउंडच्या भिंतीवरून एक वायर आत आली. दादाने शेजाऱ्यांचं दार ठोकलं होतं. त्यांच्याकडे माझाच विकलेला इन्व्हर्टर चालू होता. यंत्र पुन्हा घरघरू लागलं. मी खाटेजवळ उभा होतो. काय करावं ते कळत नव्हतं, म्हणून वायर सरळ करत राहिलो.

बऱ्याच वेळाने मायला बोलता आलं. तिने मलाच विचारलं, "ऊन तं पडूनच राहिलं ना बापा. मंग काहून बंद पडलं थे?"

उत्तर दादाने दिलं, आणि तेही तिला कळेल असं. म्हणाला, माय, ऊन सगळ्यांवरच पडते. पण ते ठेवून घ्यायला काहीतरी लागते. तू पऱ्हाटी रचून ठेवायची ना, ते साठवलेलं ऊनच होतं. झाडानं दिवसा घेतलं आणि तू पावसाळ्यात चुलीत जाळलं. याच्या गच्चीवर भारा रचायला जागाच नाही.

"भारे तं हाच रचे," माय म्हणाली.

दादाने माझ्याकडे पाहिलंही नाही. टोमणा मारला असता तर मी भांडलो असतो, भांडण मला जमतं. संध्याकाळी मीच म्हणालो, दादा, घेऊन जा तिले. मायने डोळे उघडले. "मी काय भारा हाओ का, इकून तिकडं न्यायले?" पण गाडीत बसताना तिने माझा हात नाही, दादाचा धरला. यंत्र मी उचलून मागे ठेवलं.

नंतर मी बॅटरी बसवून घेतली. पोराने भाव सांगितला, मी मान डोलावली. मायची खोली पुसून ठेवली आहे. पण ये म्हणायला जीभ उचलत नाही.

अकोल्याहून रोज फोन येतो आणि माय सगळ्यात आधी लाइनचंच विचारते. तिची जुनी सवय आहे, त्यात टोचून बोलणं नाही, हे मला कळतं. काल तिचा फोन आला तेव्हा गल्लीतले सगळे पंखे थांबले होते. शेजारची माणसं ओट्यावर येऊन वारा घेत होती. माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता.

"लाइन हाय का तुयाकडं?"

साऱ्या गल्लीची गेली, पण माझ्या घरची आहे, हे आता खरं होतं. पण ते मी एकदा तिच्यासमोर बोलून बसलो होतो.

"हाय," मी म्हणालो, आणि तिला जेवण झालं का ते विचारलं.