ओळ तीनशे चाळीस

"उत्तर बरोबर. पण कुणाचं पाहिलंस?"

हे मला माणसानं विचारलं नव्हतं. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटलेलं. मागे सगळा वर्ग उभा. कुणीतरी मोठ्यानं वाचलं आणि अख्खी खोली हसली. सरही हसले.

नववीत होते मी. ठाण्यातली नावाजलेली शाळा, नव्वदच्या आसपासची गोष्ट. कुण्या पालकानं चार कॉम्प्युटर दिलेले. त्यांची खोली म्हणजे देव्हाराच. चपला बाहेर. एसी. दसऱ्याला मॉनिटरला हळदकुंकू. सरांच्या बायकोनं शिवलेली फुलाफुलांची कव्हरं. दाराशी खुद्द सर. बाकीच्यांना मान हलवून आत सोडायचे. मला म्हणायचे, "तू हात धुऊन ये. साबणानं."

मी कोळीवाड्यातली. सकाळी आईबरोबर सुकट निवडून शाळेत यायचे, हे त्यांना ठाऊक होतं. मी निमूट धुवायचे. वर हात हुंगून बघायचे, वास गेला का म्हणून. सरांपेक्षा जास्त चीड मला त्या हुंगण्याची येते.

गणिताचा प्रोग्राम सरांनी स्वतः लिहिलेला. केवढा तोरा त्याचा! आधी आपला रोल नंबर टाकायचा. मग गणित यायचं. पायऱ्या टाकायच्या, शेवटी उत्तर. विचार कुठे बरोबर चाललाय, कुठे घसरलाय, ते मशीन सांगायचं. सर छाती फुगवून म्हणायचे, "मशीनला जातपात नसते. ते फक्त तर्क बघतं." तीनदा नकलेचा शेरा आला की स्कॉलरशिपच्या वर्गातून नाव कट. मला त्या वर्गात बसायचंच होतं. कोळीवाड्यातलं कुणी तिथवर पोचलं नव्हतं. आणि हा माझा दुसरा शेरा.

गणित होतं तेराची पाऊणपट किती. मी थेट ९.७५ टाकलेलं. पायऱ्या कसल्या? आमच्या घरात हे रोजचं. बाबा तिथीवरून भरतीची वेळ काढायचे. तिथीची पाऊणपट केली की तास मिळतो. तेरस असेल तर तेरातून त्याची चवथाई काढायची, म्हणजे सव्वातीन. राहिले पावणेदहा. आमची खाडी आत आहे, म्हणून वर थोडा वेळ धरायचा. हे चुकलं तर होडी चिखलात बसते, आणि चिखल कुणाला शाब्बास म्हणत नाही.

मी सरांना सांगितलं, "तेरातून चवथाई वजा केली, सर."

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. वर्गाकडे बघून म्हणाले, "याला तर्क म्हणत नाहीत. मासळीबाजारात चालेल हे." पुन्हा हशा.

घरी बाबा जाळं दुरुस्त करत बसलेले. सगळं ऐकून आधी हसले. "कोनाचं पायलंस? माजंच पायलंस ना गो!" मग हातातली सुई थांबली. "त्या मशीनला कोनी शिकवलं पन?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. शाळेत शिकून मी एवढी बावळट झालेले.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या मशीनवर एका डॉक्टरांचा मुलगा बसला. रोल नंबर आठ. दोघांना एकच गणित. माझी पायरी तर्कच नव्हती म्हणे, म्हणून मी पुन्हा नुसतं उत्तर टाकलेलं. त्यानं माझ्या पडद्यावर डोकावून माझं उत्तर जसंच्या तसं टाकलं. पायरी एक नाही. त्याच्या पडद्यावर आलं, "शाब्बास! मनातल्या मनात केलंस?" माझ्या पडद्यावर, "उत्तर बरोबर. पण कुणाचं पाहिलंस?"

तिसरा शेरा.

तो ओशाळलासुद्धा नाही. म्हणाला, "मशीनला बरोब्बर कळतं गं."

तेवढ्यात सरांना ऑफिसात फोन आला. ते गेले. प्रोग्राम थांबवायला ते कुठली दोन बटणं दाबतात ते मी पाहिलेलं. आतल्या ओळी बघायला कुठला शब्द टाइप करतात तेही. मी दाबलं, टाकलं. ओळी धावायला लागल्या आणि तीनशे चाळीसवर मी थांबले. रोल नंबर ४, ११, २७, ३२, ३८ यांपैकी असेल आणि पायऱ्या नसतील, तर नक्कल. पुढची ओळ बाकीच्यांसाठी. शाब्बास.

सत्तावीस मी. अकराची आई आमच्याच शाळेचे संडास धुवायची, आणि तो गणितात पहिल्या पाचात होता. बत्तीस मिठागरावरची. चार आणि अडतीस स्टेशनमागच्या वस्तीतले. आम्ही तोंड उघडायच्या आधीच सरांनी आमचा निकाल टाइप करून ठेवलेला. हाच तो तर्क! याच्यापुढे नारळ फोडलेला यांनी.

मागची मुलगी कुजबुजली, "अगं, पुसून टाक ती ओळ, पटकन."

मी पुसली नाही. सर आले तशी उभी राहिले.

"सर, ही ओळ वाचा."

"बंद कर ते."

"मग मी वाचते."

वाचली. एकेक नंबर उच्चारला तसं एकेक डोकं वर झालं. या वेळी कुणी हसलं नाही.

सरांचा चेहरा पडला, पण जीभ नाही. "अनुभवावरून घातलंय ते. तुमच्याकडे घरी शिकवणारं असतं कोण?"

"बाबा," मी म्हणाले.

मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. सरांबद्दल अवाक्षर नाही. "कॉम्प्युटरशी छेडछाड केलीस. माफीनामा लिहून दे, यादीत नाव ठेवते." फुलस्केप कागद पुढे सरकवला. मी त्यावर ओळ तीनशे चाळीस लिहिली, जशीच्या तशी. खाली लिहिलं, तेरा वजा सव्वातीन बरोबर पावणेदहा, ही माझी पायरी. सही केली. नाव कट झालं. त्या रात्री मी रडले, खूप रडले. वर्ग गेला तो गेलाच.

आता मी डोंबिवलीत शाळांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत आहे. मुलांचा विचार तपासणारं सॉफ्टवेअर, गोंडस भाषेत. बाहेर जाण्याआधी ते माझ्या टेबलावर येतं. आमचे मालक शाळावाल्यांना सांगतात, "मशीन कुणाचं तोंड बघत नाही." मला हसू येतं. मशीनला तोंड दाखवणारे हेच. मुलाला दिला जाणारा शेरा कुठल्या ओळीतून येतो आणि ती कुणी लिहिली, हे दाखवल्याशिवाय मी सही करत नाही. गेल्या महिन्यात मालक म्हणाले, "सही कर, नाहीतर दुसरीकडे बघ." मी फाइल परत त्यांच्या टेबलावर ठेवली. सही केली नाही. करणार नाही.

अजूनही सकाळी आईबरोबर सुकट निवडूनच निघते. हात हुंगून बघत नाही. कीबोर्डवर ठेवते.