छोट्या भूमिकांचे फर्गल ड्वायर

फर्गल ड्वायर यांना मी प्रथम पाहिले ते ग्लासगोतल्या एका नाट्यगृहाच्या तालमीच्या खोलीत. मी प्रॉम्प्टर म्हणून नुकतीच लागले होते आणि ते नाटकाचे नायक होते. दिग्दर्शक मला 'मग्स' म्हणत. फर्गल यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "तुझी आई तुला काय हाक मारते?" मग 'मुग्धा' हे नाव त्यांनी घोकले आणि दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर बिनचूक उच्चारले. 'मग्स' तिथेच संपले.

त्यांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात मी मराठीतून लिहावे, हा आग्रहही त्यांचाच. म्हणाले, "मला वाचता येणार नाही अशा भाषेत लिही, म्हणजे खरं लिहिशील."

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गावातून ते विशीत रंगभूमीवर आले आणि तीसेक वर्षे मोठ्या भूमिका करत राहिले. ग्लासगोतल्या त्या नाटकाच्या एका दुपारच्या प्रयोगात मात्र, तोंडपाठ वाक्याशी ते एकदम थांबले. मी विंगेतून वाक्य दिले, त्यांनी ते उचलले, प्रयोग पार पडला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झाले. डॉक्टरांना स्मरणशक्तीत काही दोष सापडला नाही. भीती बसली होती.

आजारपणाचे कारण सांगून त्यांना निघून जाता आले असते. त्यांनी सगळ्या मंडळींना बोलावले आणि सरळ सांगितले, "मला स्टेजची भीती वाटायला लागली आहे. माझ्या जागी रॉरीला उभं करा." रॉरी हा त्यांचा बदली नट. त्याला त्यांनी स्वतः एकेक हालचाल शिकवली आणि त्याच्या पहिल्या प्रयोगाला प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवल्या. त्यांना ते किती जड गेले असेल, हे विचारायचे धाडस आमच्यापैकी कुणालाच झाले नाही.

पुढे बराच काळ त्यांना काम नव्हते. इंग्लंडमधल्या रीडिंग या गावी बहिणीकडे राहून ते एका नर्सरीत रोपे विकत. माझे आईबाबा तिथेच राहतात, त्यामुळे फर्गल रविवारी आमच्याकडे जेवायला येत. अशात एका चित्रपटाला अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा म्हातारा हवा होता. जेमतेम दोन वाक्ये होती, पण फर्गल यांचा चेहरा लोकांच्या लक्षात राहिला. मग पाद्री, न्यायाधीश, पोस्टमन, कुणाचे तरी वडील अशी कामे येत गेली. पेशाने डॉक्टर असलेले बाबा एकदा ओशाळून म्हणाले, "अहो फर्गल, तुमचा सीन मिस झाला. मी किचनमध्ये चहा करत होतो."

"बरोबरच आहे, डॉक्टर," फर्गल म्हणाले. "चहाला जास्त वेळ लागतो."

पुढे मी दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट केला तेव्हा त्यांच्यासाठी एक लांब भाषण लिहिले. पत्नी गेल्याचे कळल्यावर म्हातारा बोलतो, असा प्रसंग. बातमी देणाऱ्या डॉक्टरच्या भूमिकेत लंडनच्या एजवेअर भागातली अंजली होती. तिचे हे पहिलेच काम. तालमीनंतर फर्गल म्हणाले, "माझं भाषण काढून टाक. असं ऐकल्यावर माणूस बोलत नाही."

ते माझे सर्वांत आवडते लिखाण होते. मी चिडून विचारले, "तुम्हाला वाक्यांची भीती वाटते म्हणून सांगताय का?"

"भीती आहेच," ते शांतपणे म्हणाले. "ती नसती तरी हेच सांगितलं असतं. दोन्ही घे, मग ठरव."

कॅमेरा लागला. त्यांनी संपूर्ण भाषण एकही शब्द न चुकता म्हटले. मग दुसऱ्यांदा, न बोलता, ते फक्त अंजलीकडे बघत राहिले. त्यांचे काम संपले आणि न्यायला गाडीही आली, पण अंजलीचे शॉट बाकी होते. "तिने भिंतीकडे बघून बोलायचं का?" असे म्हणून ते कॅमेऱ्यामागे तिच्यासमोर बसले आणि दर वेळी ती बातमी नव्याने ऐकत राहिले. अंजलीचा सर्वोत्तम टेक तेव्हाच मिळाला.

एडिटिंगला बसल्यावर मी दोन्ही दृश्ये लावून पाहिली आणि भाषण काढून टाकले. चित्रपट पाहून आल्यावर बाबांनी आपण होऊन फर्गल यांना फोन केला. "आज जागेवरून उठलो नाही," एवढेच म्हणाले.

फर्गल यांचे गुडघे कुरकुर न करोत, आवाज असाच खणखणीत राहो, आणि येणारी अनेक वर्षे आम्हा दिग्दर्शकांना त्यांच्या तारखा मिळवताना नाकी नऊ येवोत, ही मनापासून प्रार्थना.