चार दिवसांचा अंधार

वनस्पतींना उजेड, स्पर्श, तहान कशी कळते आणि त्या त्यावर काय करतात, या विषयावरची दहा दिवसांची उन्हाळी शाळा आमच्याच कुंभकोणममध्ये, घरापासून बसने तीन थांब्यांवर भरली. मला वाटलं, हे काम तरी सोपं जाईल.

शाळा पीएच.डी. करणाऱ्यांसाठी होती. मी सत्तेचाळीस वर्षांची, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि सात वर्षं एकच प्रबंध लिहिते आहे. विद्यापीठाची शेवटची मुदतवाढ जूनअखेर संपत होती आणि मला दोन क्रेडिट कमी पडत होते. ते इथे मिळणार होते. अट एकच, शेवटच्या दिवशी स्वतः केलेला प्रयोग दाखवायचा. नाही जमला तर पीएच.डी.च्या यादीतून नाव कटणार.

पहिल्याच सकाळी नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, तुमची मुलगी कुठे आहे? सही तिची लागेल."

"सही माझीच आहे," मी म्हटलं आणि तिच्या हातातलं पेन घेतलं.

माझा प्रयोग साधा होता. मूग अंधारात रुजवला की कोंब लांब, पिवळा होतो आणि त्याची मान आकड्यासारखी वाकलेली राहते. रोज पाच मिनिटं लाल उजेड दाखवला की ती मान उलगडते. एक ताट पूर्ण अंधारात, दुसरं रोज पाच मिनिटं लाल उजेडात, चौथ्या दिवशी दोन्ही मोजायची. शाळा भरली त्या कॉलेजची अंधारखोली लहान, ती बाहेरगावच्या मुलांना दिली. आमचे सर, शाळेचे प्रमुख, मला म्हणाले, "तुम्ही स्थानिक. घरी करा."

घरी केलं. कोठीची खोली रिकामी केली, खिडकीला काळा कागद चिकटवला, कामांची यादी फ्रीजवर लावली आणि कोठीच्या दारावर मोठ्या अक्षरांत सूचना: "प्रयोग चालू आहे. आत येऊ नये." शिवाय सासूबाईंना तोंडी सांगितलं, दार उघडं ठेवू नका. दुसऱ्या दिवशी सूचनेवर हळदकुंकू दिसलं. मला बरं वाटलं. म्हटलं, घरात कोणीतरी माझं काम मनावर घेतलं.

चौथ्या संध्याकाळी ताटं बाहेर काढली. दोन्ही ताटांतल्या माना सरळ, पानांवर हिरवी झाक, आणि सगळे कोंब एकाच बाजूला, दाराशेजारच्या कोनाड्याकडे, झुकलेले. झाडं साक्ष देत होती, इथे उजेड होता. कोनाड्यात बोट फिरवलं तर तेल लागलं.

सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांचं घराणं इथल्या मराठा राजांच्या काळापासून या मुलखातलं. त्यांची मराठी तेव्हाची आहे आणि आवाजाची चढउतार तमिळ.

"तुम्ही कोठीत दिवा लावत होता?"

"मग? सांजवेळीं घरांत एक खोली काळोखांत ठेवायची? मीं अर्धा तास ठेवितें, मग देवघरांत परत नेतें. तूं तर सातनंतर घरीं येतीस."

"दार उघडू नका म्हटलं होतं!"

"उघडें ठेवूं नका म्हणालीस. मीं आंत जाऊन लावून घेत होतें." मग आवाज उतरला. "पिवळीं पोरें, माना खालीं. पावम्. दिवा त्यांच्याजवळच ठेविला."

पावम् म्हणजे बिचारी. माझं डोकं तापलं होतं.

"आणि दारावरचा कागद?"

"तो देवाचा नव्हे? कुंकू लाविलें मीं."

"त्यावर लिहिलंय, आत येऊ नये!"

"तर तमिळांत लिहायचें."

त्यांना देवनागरी वाचता येत नाही. भजनाच्या वहीतले त्यांचे अभंगसुद्धा तमिळ अक्षरांत आहेत. वीस वर्षं मला हे माहीत आहे. पण त्यांच्याशी बोलते मराठीत, म्हणून हातानेही मराठीच लिहिलं. चूक माझीच होती, म्हणून जास्तच संताप आला. काही न मोजता ताटं ओट्यावर आपटली आणि नवा मूग भिजत घातला. बरोबर चार दिवस उरत होते.

"पुन्हा चार दिस?" त्यांनी विचारलं. "मधें शुक्रवार येतो."

"येऊ दे."

"हें झालें कीं तूं डॉक्टर? मग माझा गुडघा बघशील?"

"तो डॉक्टर वेगळा."

"मग एवढें कशाला?"

मी खाली बसले आणि पहिल्यांदाच सरळ सांगितलं. ही शेवटची संधी आहे. नाही झालं तर सात वर्षांचं काम फुकट जाईल आणि पुन्हा कोणी नाव घालून घेणार नाही.

त्यांनी गॅस बारीक केला. "असें आधीं सांगायचें, अगे."

दिवा दाराबाहेर, दहा पावलांवर ठेवायचं ठरलं. दाराखालच्या फटीत मी जुनी साडी कोंबली. नवी सूचना तमिळमध्ये लिहिली, पण तिची गरज पडली नाही. शुक्रवारी माझा नवरा कोठीतली लोणच्याची बरणी काढायला गेला, तर आतल्या खोलीतून आवाज आला, "चार दिस लोणचें नाहीं खाल्लें तर मरत नाहींस!"

त्या रात्री जेवताना पानात कोशिंबीर होती, मुगाच्या कोंबांची, लिंबू पिळून. फ्रीजमध्ये तीन दिवस टिकवलेले आधीचे कोंब. मी दोनदा वाढून घेतली.

शेवटच्या दिवशी मला दहा मिनिटं मिळाली. अंधारातल्या माना घट्ट वाकलेल्या, लाल उजेडातल्या उलगडलेल्या. तक्ता स्वच्छ आला. सरांनी मान हलवली. मग एका मुलाने विचारलं, आधीचा प्रयत्न का फसला? मी दिव्याची हकीकत सांगितली. सभागृह हसलं. सर हसले नाहीत.

"दिव्याचा अर्धा तास उजेड, आणि सगळे एकाच दिशेला झुकले? हे तर याहून चांगलं आहे. मोजमापं?"

"घेतली नाहीत."

"रोपं तरी असतील."

"सर, आम्ही ती खाल्ली."

"खाल्ली?"

"कोशिंबिरीत."

त्यांनी दोन क्रेडिटच्या रकान्यात सही केली आणि शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: पुरावा जपून ठेवावा. सात वर्षांत माझ्या कामावर आलेला हा पहिला शेरा, ज्यावर मला वाद घालता आला नाही.