एकवीस जोडपी, एकच उजळ तोंड

मे महिन्याचा शेवटचा सोमवार. लग्नाच्या व्हिडिओचे ठरलेले बारा हजार, पैकी तीन हजार उचल घेतलेली. घाटंजीतल्या माझ्या व्हिडिओच्या दुकानात तिघे जण: कापसाच्या जिनिंगचा कारखाना असलेला शेठ, त्याचा पुतण्या आणि मी. खुर्च्या दोनच. माझ्याच दुकानात मी उभा.

शेठनं एकवीस जोडप्यांचं सामुदायिक लग्न लावून दिलं होतं. त्या वर्षांत कापसाच्या तोट्यानं गावंच्या गावं आडवी केली होती. लेकीसाठी स्वतःचा मांडव घालणं कोणाला झेपत नव्हतं. त्या एकवीस नवरींमध्ये माझी भाची होती. भाचीला बोहल्यावर मामानं आणायचं असतं. माझ्या हातात कॅमेरा होता, म्हणून तिला शेजारच्या काकांनी आणलं. मनाशी म्हटलं, तिला सीडी तरी देखणी करून देऊ.

शेठच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. थुंकीनं ओलं झालेलं बोट त्यानं पडद्यावर टेकवलं. नेमकं भाचीच्या गालावर.

"हे कडाचे लोकं काये कर. मी तेवढा उजेडात पाह्यजे."

चौकटीच्या कडा हळूहळू काळ्या करत न्यायच्या आणि मधे अंडाकृती उजेड ठेवायचा, याला आम्ही व्हिग्नेट म्हणतो. लग्नात तो उजेड जोडप्यावर ठेवतात. पण इथं प्रत्येक नवरा-नवरीच्या मधोमध शेठ उभा होता, आहेराची पेटी देत. उजेड त्याच्यावर नेला की दोघंही अंधारात.

"शेठजी, नवऱ्या दिसत नाही मंग."

पुतण्या हसला. "फुकटच्या लग्नात नवरीचं तोंड कोन पाह्यते बे?"

शेठ म्हणाला, "तुही भाची हाय न त्यात? मंग तं तू आमचं खाल्लं हाय. कर गुमान."

मी केलं. आज किळस येते ती त्याच्या बोटाची नाही, माझ्या हाताची. अंधाराचा काठ मऊ दिसावा म्हणून मी तो तीन वेळा नीट पसरवला. अपमान गिळून वर सुबक काम.

तीन दिवस एकेका जोडप्यावर तो अंधार चढवला. चौथ्या दिवशी भाची नवऱ्याला घेऊन आली. मी तयार काम लावलं. ती पडद्याजवळ सरकली.

"मामा, यातली मी कोनती हाओ?"

मग तीच म्हणाली, "हा हात माया हाय. मेंदी ओयखू आली."

पेटीला लावलेला एक हात. बाकी काळं. जावई खाली पाहत राहिला.

ते गेल्यावर घड्याळ लावून मोजलं. एकूण अडतीस मिनिटं. शेठ उजेडात एकतीस मिनिटं. भाचीचं तोंड एक सेकंदही स्वच्छ दिसत नाही. म्हणजे लग्न शेठचं लागलं होतं. पोरी नुसत्या पेटी धरायला. आणि त्यांची तोंडं पुसणारा कोण? मामा.

एकवीसही ठिकाणचा व्हिग्नेट काढून टाकला. सगळी तोंडं भर उन्हात होती तशी दिसली. घामेजलेली, भेदरलेली, स्वतःची.

दुसऱ्या दिवशी पुतण्या आला. मी सांगितलं, "शेठले सांग, पोरींचे तोंडं काये करून भेटनार नाही. हाय तसं पाह्यजे तं ने."

"काहून? लय मोठा झाला का? पुऱ्या तालुक्यात कोनी काम देनार नाही तुले."

"नाही तं नाही."

सीडी न घेताच तो उठला. उचलीचे तीन हजार त्याच्या हातात मोजून दिले, कागदावर सही घेतली. एकवीस कोऱ्या सीडींचे तीनशे पंधरा रुपये यवतमाळच्या दुकानदाराला माझ्या खिशातून दिले. सीडी घरोघर स्वतः पोचवल्या. मला कोणी काही दिलं नाही. शेठकडून मी कधी काही घेणारही नाही, आणि उजेड कोणावर ठेवायचा हे पैसे देणाऱ्याला विचारणार नाही.