पत्त्याची दुसरी ओळ

माझी पहिली नोकरी धुळ्याच्या एका खासगी माती परीक्षण प्रयोगशाळेत. घर जळगावला, म्हणून आठवडाभर धुळ्यात खोलीवर राहायचं आणि शनिवारी दुपारची बस पकडायची. मला माती तपासायची नव्हती. कार्यालयातलं जुनं सॉफ्टवेअर काढून नवीन बसवायचं होतं, त्यातली माहिती इकडून तिकडे नेण्यासाठी मला घेतलं होतं. हे काम मला आवडलं, कारण त्यात कोणाशी फारसं बोलावं लागणार नव्हतं.

जुना प्रोग्राम ज्याने बनवला तो माणूस केव्हाच दुसऱ्या धंद्यात गेला होता. ज्या संगणकावर तो चालायचा, त्या संगणकालाही आता कोणी विचारत नव्हतं. सकाळी दोन-तीनदा बंद-चालू केल्यावर तो जागा व्हायचा. त्यावर फुलाफुलांच्या कापडाचं शिवलेलं झाकण असायचं. ते आक्कांनी शिवलं होतं. आक्का म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या बाई, कार्यालयात सगळ्यांत जुन्या. आमची टेबलं शेजारी होती, पण महिनाभरात मी त्यांना चहा घेणार का, याच्यापलीकडे काही विचारलं नव्हतं. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठीत बोलण्याआधी मी वाक्य मनात एकदा म्हणून बघते. तोवर समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो.

नवीन सॉफ्टवेअर हुशार होतं. जुन्या नोंदी आत घेताना ते विचारायचं: नाव तेच, गाव तेच, मोबाईल नंबर तोच, तर हा एकच शेतकरी आहे का? मी दरवेळी ‘हो’ म्हणत गेले. यादी आटोपशीर झाली आणि मला स्वतःचं कौतुकही वाटलं. जुन्या प्रोग्राममध्ये पत्त्याच्या दोन ओळी होत्या, नव्यात एकच. दुसऱ्या ओळीत ‘बोरीखालचे’, ‘टेलर’, ‘दोन विहिरी’ असलं काहीतरी लिहिलेलं असायचं. तो पत्ता नव्हेच, असं ठरवून मी ती ओळ सोडून दिली. शुक्रवारी कंपनीचा माणूस येऊन जुना संगणक घेऊन जाणार होता.

सोमवारी शिंदखेड्याकडचे एक आबा मागच्या वर्षीच्या अहवालाची प्रत मागायला आले. आक्का बँकेत गेल्या होत्या. मी नाव टाकलं, अहवाल छापला आणि त्यांनी सांगितलं म्हणून वाचूनही दाखवला. जमिनीत क्षार जास्त, जमीन चोपण, जिप्सम टाकावे. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“हाई मन्ही जमीन नही शे, पोरी,” ते म्हणाले. “मन्हा वावरमा इतलं मीठ कोठून येई? डाक्टरनी ते घरमा बी बंद करेल शे.”

बाकावर बसलेले दोघेजण हसले. मी परत नाव तपासलं, गाव तपासलं, मोबाईल तपासला. सगळं बरोबर होतं. मग आबांनी समजावलं: त्या नावाचे गावात सात जण आहेत, आणि मोबाईल म्हणशील तर तो डेअरीवाल्या पोराचा आहे. गावातले कितीतरी जण त्याचाच नंबर देतात, कारण आलेला मेसेज तोच वाचून दाखवतो.

सात माणसं मी एक करून टाकली होती, आणि असं मी किती गावांत केलं होतं कोण जाणे. आबांनी त्या कागदावर विश्वास ठेवला असता तर चांगल्या काळ्या रानात जिप्सम पडलं असतं.

गप्प राहता आलं असतं. शुक्रवारनंतर कोणाला काही शोधताही आलं नसतं, आणि तेच मला जास्त टोचत होतं. आक्का परत आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, मधे न थांबता, मनात वाक्य न जुळवता. त्यांनी चष्मा पुसला.

“सातांचा एक केलास होय? बरं तरी, त्यांच्या बायकांना अजून कळलं नाही.”

मग त्यांनी सांगितलं की दुसरी ओळ त्यांनीच भरायला सुरुवात केली होती, नोकरीला लागल्या तेव्हापासून. माणूस आला की त्याला विचारायचं, तुमच्या वावराजवळ काय आहे, आणि तेच लिहायचं. नवीन सॉफ्टवेअर येणार म्हटल्यावर त्या ओळीबद्दल कोणी त्यांना विचारलं नाही, म्हणून त्याही बोलल्या नाहीत. शेजारच्याच टेबलावर मीच बसत होते.

साहेबांच्या खोलीत मात्र मी एकटी गेले. “सर, माझ्याकडून चूक झाली आहे. जुना संगणक अजून एक आठवडा पाहिजे, आणि नव्यात एक रकाना वाढवून पाहिजे,” एवढं म्हणाले. साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मी इतकं बोलू शकते, हे त्यांना बहुधा नवीन होतं. मग त्यांनी कंपनीला फोन लावला.

तो आठवडा मला अजून आवडतो. जुन्या प्रिंटरने करकर करत लांबलचक कागद बाहेर काढला, आक्का वाचत गेल्या, मी टाईप करत गेले. बोरीखालचे आबा हेच ते मिठाचे. एका नानांपुढे ‘कमी ऐकू येते, मोठ्याने बोलणे’ असं लिहिलं होतं. पिंपळनेरकडच्या एका बाईंपुढे ‘घाई करू नये’ असं होतं, ते का, हे आक्कांनी हसत टाळलं. आबांना खरा अहवाल मी स्वतः फोन करून कळवला, अर्थात डेअरीवाल्या पोराच्या फोनवर.

पुढच्या शुक्रवारी जुना संगणक गेला. झाकण मात्र आक्कांनी ठेवून घेतलं आणि नव्यावर घातलं. ते थोडं मोठं होतं.

परवा नरडाण्याकडचे एक भाऊ पहिल्यांदाच मातीची पिशवी घेऊन आले. त्या नावाचे त्यांच्या गावचे तिघे आधीच यादीत होते. आक्का शेजारीच बसल्या होत्या, पण त्यांनी मान वर केली नाही. मी विचारलं, “भाऊ, तुमच्या वावराजवळ काय आहे?”

त्यांनी विचार केला. “कुत्रं शे,” म्हणाले. “चावस.”

मी तसंच लिहून घेतलं.